डावी बाजू

भरतेशनं डबी टेबलावर ठेवली, म्हणाला,
मामा, आठ दिवस वापरा, मग सांगा घेऊ का नको.
काडेपेटीहून थोडी मोठी, ॲल्युमिनियमची.
आत आकड्यांचा आवाज करणारी चिप
आणि त्या आवाजाला जोर काढायला लावणारा ॲम्प्लिफायर.
किंमत त्यानं सांगितली नाही, मीही विचारली नाही.
पावती खोक्यातच होती.

एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
मी हातोडीनं कास्टिंग वाजवून पास केलं.
अखंड असेल तर घंटेसारखं लांबत जातं,
भेग असेल तर फुटक्या मडक्यासारखं बसतं.
खडूची फुली, नाहीतर खडूची बरोबर,
यापलीकडं मी आयुष्यात काही लिहिलं नाही.
म्हणून सवयीनं आधी डबीलाच टिचकी मारली.
माल भरीव. स्क्रू चार, एक अर्धा आटा वर.

पहिल्या रात्री हेर्लेकर बाईंची मैफल लावली,
शाहूपुरीत कुणाच्या तरी माडीवर टेप केलेली,
नंतर मोबाईलमध्ये उतरवलेली.
नुसत्या मोबाईलवर तंबोरा म्हणजे एक घोंगावणं.
इथं चार तारा, चौघी वेगवेगळ्या,
खर्जाची केसभर उतरलेली.
बाईंनाही ते कळलं असणार,
कारण मुखड्याआधी खुंटी पिळल्याचा कुरकुराट येतो.
वीस वर्षं ऐकतोय ती टेप.
हा कुरकुराट त्यात नव्हता.

चार्जिंगला लावली की गुणगुणते.
उद्यमनगरातलं आमचं अर्थिंग, जगाला माहीत आहे.
ते तिच्या नावावर टाकत नाही.

तिसऱ्या दिवशी, अगदी हळू आवाजात,
डावी बाजू बसकी वाटली.
फुली मारायला वही घेतली, मग थांबलो.
फुली मारायच्या आधी माल उलटा करून बघायचा असतो.
हेडफोन उलटा घातला, उजवा डावीकडं.
दोष उजव्या कानात गेला.
म्हणजे डबीचाच.
चोर हाती लागल्यासारखा मी खूश झालो,
उठून चहासुद्धा केला.

मग बटण पुढं सरकवलं, घड्याळात नऊ वाजतात तिथवर.
तिथं दोन्ही बाजू सारख्या व्हायला पाहिजेत, झाल्याही असतील.
रिटायर होताना भरतेशनंच रेकॉर्ड करून दिलेले
माझ्या हातोडीचे ठोके लावले.
उजव्या कानात ठोक्याची शेपूट शेवटपर्यंत,
डाव्यात अर्ध्यावर तुटलेली.
उलटा घातला. डाव्यातच तुटली.
सरळ. डाव्यात.
वायर बदलली, खिडकी लावून घेतली,
फॅन बंद केला,
दोष जागचा हलला नाही.

मी कास्टिंग कायम डाव्या कानानं ऐकायचो.
उजवीकडं ग्राइंडर चालू असायचा.
कधीपासून, ते कोण सांगणार.
सहा वर्षं? दहा?
खडूच्या किती बरोबर, कुठल्या पंपावर,
कुठल्या ट्रॅक्टरच्या हबवर बसून
घाटाला लागल्या असतील.
त्या रात्री वहीत काही लिहिलं नाही.

रविवारी रात्री गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
भरतेश भेटला.
म्हशीच्या सडातून थेट ग्लासात धार,
मध्ये आकडा नाही, चिप नाही,
ग्लास अजून कोमट.
काय मग मामा?
म्हटलं, हळू आवाजात बटण डावीकडं मार खातं,
नऊच्या पुढं सरळ चालतं.
चार्जिंगला लावून ऐकू नको.
एक स्क्रू आवळून घे.
अकरा हजार जास्त आहेत, पण तंबोऱ्यासाठी घे.
तो हसला, पावती बघितलीत तर, आणि मग
आणखी काहीतरी बोलला, शेवटी प्रश्न असावा.
मागं म्हशी, गाड्या, भांड्यांचा आवाज,
आणि तो माझ्या डावीकडं बसलेला.

ग्लास सांभाळत मी उठलो,
त्याच्या पलीकडं जाऊन बसलो,
म्हटलं, हां, आता सांग.